मधल्या वर्गात कोल्हापुरात येणाऱ्या मुलांसाठी शाळा कशी निवडावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण बंगळूरहून कोल्हापुरात राहायला येत आहात, नोकरी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आहे, येत्या वर्षी मुलगा आठवीत आणि मुलगी तिसरीत जाईल. दोघेही आजवर सीबीएसईच्या इंग्रजी शाळेत शिकले, घरी मराठी बोलतात, पण त्यांना मराठी लिहिता येत नाही. अशा वेळी कोल्हापुरातील सर्वांत चांगली शाळा कोणती आणि आधी घर पाहावे की शाळा, असे आपण विचारले आहे. मी या शहरात माध्यमिक शाळेत दीर्घकाळ शिकवले, मुख्याध्यापिका म्हणून प्रवेशाचे काम पाहिले आणि निवृत्तीनंतरही बदलीमुळे येणारे पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येत असतात. त्या अनुभवावर हे उत्तर आधारलेले आहे.

सर्वांत चांगली शाळा कोणती हे आपण इथल्या नातेवाइकांना विचाराल, तर प्रत्येकाकडून ठाम उत्तर मिळेल आणि ते उत्तर प्रामाणिकही असेल. मात्र इथे वाढलेले कुटुंब मुलाला बालवाडीत किंवा पहिलीत घालते आणि तो दहावीपर्यंत त्याच शाळेत, त्याच मित्रांत राहतो. दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीधारकांची यादी, स्नेहसंमेलन यांवर शाळेची जी कीर्ती उभी राहते, ती अशा पहिल्यापासून असलेल्या मुलांच्या जोरावर. आपली मुले मात्र मधूनच येणार आहेत. मैत्री जमलेल्या वर्गात, निम्म्या वाटेवर आलेल्या अभ्यासक्रमात आणि अनोळखी लिपीत त्यांना जागा मिळवायची आहे. म्हणून प्रत्येक शाळेबाबत आपण एकच गोष्ट कसून तपासावी: मधल्या वर्गात आलेल्या मुलाला ही शाळा कशी सामावून घेते? चांगल्या नावाच्या काही शाळांना हे मुळीच जमत नाही आणि फारशा चर्चेत नसलेल्या काही शाळा ते मनापासून करतात.

कोल्हापुरात पर्यायांची वाण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि तेव्हापासून शिक्षणाची आस्था या शहरात घरोघरी आहे. पेठांमधील जुन्या अनुदानित शाळा आजही भरलेल्या असतात, आणि त्यांतील बऱ्याच ठिकाणी सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व बाकीचे विषय मराठीतून, अशी सोय आहे. महापालिकेच्या शाळा म्हणजे नाइलाजाच्या शाळा असा समज घेऊन येणाऱ्यांनी जरगनगरच्या विद्यामंदिराच्या प्रवेशासाठी पालक कशा रांगा लावतात हे एकदा पाहावे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयासारखी प्रयोगशील मराठी शाळा याच शहरात आहे. शिवाय शहरात आणि शहराबाहेर सीबीएसईच्या शाळा गेल्या काही वर्षांत बऱ्याच वाढल्या आहेत. त्यामुळे निवड करताना अडचण येईल ती शाळांच्या कमतरतेची नव्हे, आपल्या घराच्या गरजा नेमक्या न ठरवल्याची.

निवडीची सुरुवात मुलापासून करावी, मुलीपासून नव्हे, कारण त्याच्याकडे वेळ कमी आहे. सीबीएसई नववीतच विद्यार्थ्याची मंडळाकडे नोंदणी करते आणि दहावीत थेट प्रवेश केवळ बदलीसारख्या कारणाने, मंडळाच्या परवानगीने मिळतो. म्हणजे मंडळ बदलायचे असेल तर आठवी हे त्यासाठी शेवटचे सोयीचे वर्ष आहे. माझे मत विचाराल तर पुन्हा बदली होण्याची थोडीशी जरी शक्यता असेल तरी मुलाला सीबीएसईतच ठेवावे. राज्य मंडळ कमी प्रतीचे आहे म्हणून हे सांगत नाही. राज्य मंडळात नववीपासून गणिताचे दोन भाग स्वतंत्र होतात, भूमितीतील सिद्धता नीट मांडून लिहिण्याला महत्त्व येते, आणि त्या लेखनाची सवय इथली मुले आधीपासून करत असतात. एकाच वर्षात नवे शहर, नवे मंडळ आणि नवी लिपी असे तिहेरी ओझे तेरा वर्षांच्या मुलावर टाकू नये. कायमचे इथेच राहायचे ठरले असेल आणि मुलाची स्वतःची तयारी असेल, तर राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा विचार जरूर करावा, पण मग आठवीतच करावा, नववीवर ढकलू नये.

इथे एक सावधगिरीची सूचना. ‘सीबीएसई पॅटर्न’ अशी पाटी लावलेली प्रत्येक शाळा सीबीएसईशी संलग्न असतेच असे नाही. काही शाळा त्या पद्धतीची पुस्तके वापरतात, पण त्यांची मान्यता वेगळी असते, आणि पालकांना ते आठवी-नववीला कळते. संलग्न शाळेने संलग्नता क्रमांक, शिक्षकांची पात्रता, शुल्क, इमारतीच्या सुरक्षेचे दाखले आणि दहावीचा निकाल ही माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करणे मंडळाने बंधनकारक केले आहे. तो क्रमांक घेऊन मंडळाच्या संकेतस्थळावर शाळेचे नाव आणि संलग्नता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, ते पडताळावे. राज्यातील कोणत्याही शाळेकडे अकरा अंकी यू-डायस क्रमांकही, म्हणजे सरकारी नोंदीतील शाळेचा क्रमांक, असतोच. तो विचारल्यावर कार्यालयात टाळाटाळ झाली, तर तिथून बाहेर पडावे.

आता मराठीविषयी, कारण आपल्या पत्रात खरी काळजी याचीच दिसते. २०२० च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे, त्यामुळे कोणतीही शाळा निवडली तरी दोन्ही मुलांना मराठी शिकावी लागेल. मला हे ओझे वाटत नाही, कारण घरची बोलीभाषा त्यांच्याकडे आहे. अडचण येते ती लिहिण्यात. अशी मुले मराठी उत्तर तोंडी सहज देतात, पण वहीत लिहायला सांगितले की जोडाक्षरांपाशी अडतात, ‘ऱ्या’ आणि ‘र्‍हस्व-दीर्घ’ यांत गोंधळतात, आणि एका ओळीला इतका वेळ लागतो की फळ्यावरचा मजकूर पुसला जातो. हिंदी शिकलेल्या मुलांना देवनागरी अक्षरे ओळखीची असतात आणि बंगळुरात कन्नड कानावर पडल्यामुळे ‘ळ’ त्यांना सहसा अवघड जात नाही, ही आपल्या मुलांची जमेची बाजू आहे. शाळेत गेल्यावर मराठीच्या शिक्षकांना भेटून वर्गात पुस्तक कोणते लावले आहे ते विचारावे. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘बालभारती’ आणि इतर माध्यमांच्या मुलांसाठी ‘सुलभभारती’ अशी वेगवेगळी पाठ्यपुस्तके असतात आणि त्यांच्या काठिण्यात मोठा फरक आहे. ही पुस्तके पाठ्यपुस्तक मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. मुलाला आठवीचे पुस्तक देण्याआधी चौथी-पाचवीचे सुलभभारती मे महिन्यात मोठ्याने वाचायला द्यावे आणि रोज पाच ओळी शुद्धलेखन लिहायला लावावे. यासाठी शिकवणीची गरज नाही, आजी-आजोबा जवळ असतील तर त्यांच्याइतके चांगले कोणी शिकवणार नाही.

मुलीच्या बाबतीत आपल्याला अधिक मोकळीक आहे, आणि तिच्यासाठी मी एक सूचना आग्रहाने करते. कोल्हापुरात स्थिरावण्याचा विचार पक्का असेल तर तिला चांगल्या सेमी इंग्रजी शाळेत घालण्याचा गांभीर्याने विचार करावा. आठ वर्षांचे मूल भाषा ज्या वेगाने उचलते, तो वेग पुढे राहत नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासात स्वतःच्या जिल्ह्याची ओळख असते, चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास असतो, आणि नव्या गावात आलेल्या मुलीला ते गाव आपले वाटू लागण्यासाठी पन्हाळा, रंकाळा, पंचगंगा हे शब्द पाठ्यपुस्तकात भेटणे फार मोलाचे असते. पहिले वर्ष तिला जड जाईल, गुण कमी पडतील, ते आधीच मान्य करून ठेवावे. मराठी माध्यमात घातल्याने पुढे इंग्रजी कच्चे राहील ही भीती मी पालकांकडून सतत ऐकते, पण बंगळुरात इंग्रजीतून शिकून आलेल्या मुलीच्या बाबतीत त्या भीतीला फारसा आधार नाही. मात्र दोन-तीन वर्षांत पुन्हा परराज्यात जावे लागणार असेल, तर हा विचार सोडून तिलाही भावाबरोबर सीबीएसईतच ठेवणे शहाणपणाचे. दोघांना एकाच शाळेत घालण्याचा हट्ट मी धरणार नाही, परंतु पहिल्या वर्षी सकाळी दोन दिशांना धावावे लागणार नाही एवढे पाहावे.

घर की शाळा, या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुरात नदी ठरवते. शिरोली पंचगंगेच्या पलीकडे आहे आणि शहर अलीकडे. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे इथल्या प्रत्येक घरात रोज पाहिले जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. म्हणजे वडील कारखान्यात पलीकडे आणि मुले शाळेत अलीकडे, अशी वेळ येऊ शकते. दरवर्षी असे होत नाही, हेही खरे. पण शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला असताना, नवे मूल नुकते रुळत असताना हा काळ येतो, म्हणून त्याचा विचार आधी झालेला बरा. माझा सल्ला असा की घर आणि शाळा नदीच्या एकाच बाजूला असावीत आणि पलीकडे जाणे-येणे मोठ्या माणसाने करावे. आपल्या पत्नी घरूनच काम करणार असल्याचे आपण लिहिले आहे, त्यामुळे शहरात घर घेणे आपल्याला सोयीचे पडेल. हेर्ले, अतिग्रे या सांगलीच्या वाटेवरील शाळा मनात असतील, तर मग घरही त्याच बाजूला पाहावे.

शहरात घर पाहताना पुराचे पाणी कुठवर येते ते घरमालकाला विचारू नये, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारावे. नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर या भागांचा काही हिस्सा पाण्यात जातो आणि पाणी घरात आले नाही तरी शाळेचा रस्ता बंद होतो. राजारामपुरी, रुईकर कॉलनी, ताराबाई पार्कचा उंचावरचा भाग किंवा दक्षिणेकडील कळंबा, आर. के. नगर हे भाग या दृष्टीने सुरक्षित आहेत, पण कळंब्याहून शिरोली गाठायला सकाळी संपूर्ण शहर ओलांडावे लागते. शाळेचा रस्ता नकाशावर पाहून अंतर ठरवू नये. सकाळी शाळा भरण्याच्या वेळी मिरजकर तिकटी किंवा दाभोळकर कॉर्नर ओलांडून एकदा प्रत्यक्ष जावे, म्हणजे तीन किलोमीटर म्हणजे किती वेळ ते समजेल. माझ्या मते प्राथमिक वर्गातील मुलाचा एका बाजूचा प्रवास अर्ध्या तासापेक्षा जास्त असू नये. रिक्षामामा ठरवणार असाल तर ते किती मुले बसवतात ते सुटण्याच्या वेळी स्वतः उभे राहून पाहावे. बस असेल तर २०११ च्या स्कूल बस नियमावलीनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते, तिच्यात पालकांचा प्रतिनिधी कोण आहे ते विचारावे आणि त्यांच्याशी बोलावे.

शाळा पाहायला जाताना शक्यतो ठरवून दिलेल्या ‘भेटीच्या दिवशी’ जाऊ नये. त्या दिवशी शाळा सजवलेली असते. मार्चच्या आधी एखाद्या साध्या दिवशी, शाळा सुटण्याच्या सुमारास जावे. फाटकाबाहेर येणारी मुले थकलेली आहेत की बोलत, ढकलाढकली करत येत आहेत, हे पाहण्यासारखे असते. मग मुख्याध्यापकांना सरळ विचारावे: गेल्या वर्षी आठवीत बाहेरून किती मुले आली आणि त्यांच्यासाठी आपण काय केले? ज्या शाळेला हे काम येते, तिथे उत्तर लगेच आणि तपशिलासह मिळते. वर्गशिक्षकाने पहिल्या महिन्यात नव्या मुलाला वर्गातील एक समंजस जोडीदार दिला, मराठीच्या तासाला त्याला वेगळा उतारा दिला, पहिल्या घटक चाचणीत त्याचे गुण वर्गासमोर वाचले नाहीत, अशा गोष्टी मुख्याध्यापक सांगतील. ‘आमच्याकडे सगळी मुले आपोआप रुळतात’ असे उत्तर आले, तर नव्या मुलाचा विचार तिथे कोणी केलेला नाही असे समजावे.

शक्य झाल्यास सातवी किंवा आठवीच्या एखाद्या मुलाची गणिताची वही पाहायला मागावी. माझ्या दृष्टीने शाळेचा याहून खरा पुरावा नाही. पानोपानी खाली एक लाल टिक आणि सही एवढेच असेल, तर वही तपासली गेली आहे, वाचली गेलेली नाही. चुकलेल्या पायरीभोवती वर्तुळ, बाजूला ‘चिन्ह पाहा’ अशी दोन शब्दांची सूचना आणि खाली मुलाने पुन्हा सोडवलेले तेच उदाहरण दिसले, तर त्या शिक्षकांच्या हाती मागे राहिलेले मूल सुरक्षित आहे. आपल्या मुलाला अशाच शिक्षकांची गरज पडणार आहे. ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटाकडे पाहण्यापेक्षा देवघेवीची नोंदवही पाहावी. स्वच्छतागृह, विशेषतः मुलींचे, स्वतः पाहावे. आणि मैदान पाहावे. कोल्हापूर हे फुटबॉल आणि कुस्तीचे गाव आहे. भाषेत अडखळणारा मुलगा मैदानावर चार दिवसांत मित्र जोडतो, आणि ज्या शाळेत आठवी झाली की खेळाचे तास अभ्यासाला दिले जातात, तिथे त्याची ही एक वाट बंद होते.

प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश नाकारणे आणि देणगी मागणे, या दोन्ही गोष्टींना शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने मनाई केलेली आहे. प्रवेशानंतर मुलाची तयारी समजून घेण्यासाठी घेतलेली चाचणी वेगळी, तिला हरकत घेऊ नये. राज्याच्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावे लागते, म्हणून मान्य शुल्काचा तक्ता लेखी मागावा, आणि त्यात बस, पुस्तके, गणवेश, सहल धरून वर्षाचा एकूण खर्च काढावा.

मधल्या वर्गातील जागा इतरांनी दाखले नेल्यावरच मोकळ्या होतात. सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये आणि राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, हे लक्षात ठेवून अर्ज फेब्रुवारीतच देऊन ठेवावा. सीबीएसई शाळेत एका तुकडीत ४० विद्यार्थ्यांची मर्यादा असते, परंतु बदलीने आलेल्या मुलांसाठी थोडी सवलत मिळू शकते, म्हणून कंपनीचे बदलीपत्र सोबत ठेवावे.

कागदपत्रांकडे बंगळूर सोडण्यापूर्वीच लक्ष द्यावे, कारण नंतर ते काम लांबते. शाळा सोडल्याचा दाखला तिथल्या शिक्षण अधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीसह घ्यावा, परराज्यातून येणाऱ्या मुलांकडून राज्य मंडळाच्या शाळा तो सहसा मागतात. जुन्या शाळेने यू-डायस प्रणालीत मुलाचे नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या यादीत, टाकल्याशिवाय नव्या शाळेला ते आपल्याकडे घेता येत नाही, तेव्हा मुलाचा कायम शिक्षण क्रमांक लिहून घ्यावा आणि हे काम झाल्याची खात्री करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाव. कर्नाटकात पुष्कळदा आद्याक्षरे लावून नाव लिहितात, इथे मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरील नाव जुळत नसेल तर आताच जुळवून घ्यावे. इथल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात यांची जी नोंद होईल, तीच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रासाठी आणि जातीच्या दाखल्यासाठी पाहिली जाते, आणि ती नंतर बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत जावे लागते. म्हणून प्रवेशाच्या दिवशी कारकुनाने केलेली नोंद समोर बसून वाचावी, मगच सही करावी. दाखला मिळायला उशीर झाला तरी आठवीपर्यंत तेवढ्या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही, ही तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात आहे.

प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात दोन्ही वर्गशिक्षकांना भेटून मुलांची मराठी लेखनाची अडचण आपणच सांगावी. शिक्षकांना ती महिनाभराने उत्तरपत्रिकेतून कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. पहिल्या घटक चाचणीत मराठी आणि सामाजिक शास्त्रात गुण घसरतील, त्यावरून लगेच शिकवणी लावू नये की शाळेला दोष देऊ नये. या काळात मुलगा घरी कोणाचे नाव घेतो आहे, डबा कोणाबरोबर खातो आहे, सुटीच्या दिवशी कोणाकडे जायचे म्हणतो आहे, याकडे लक्ष असू द्यावे. दिवाळीच्या सुटीपर्यंत एकही नाव कानावर आले नाही, तर प्रथम सत्राच्या निकालाच्या दिवशी गुणपत्रिका बाजूला ठेवून वर्गशिक्षकांशी तेवढ्याच विषयावर बोलावे.